पाचवं बटण

शहाऐंशी साली कुणीतरी
कॅसेट प्लेअर बसवायला
डॅशबोर्डाचं तोंड कानशीनं मोठं केलं होतं.
तिथून सुरुवात.

फियाट निपाणीची, बासष्टची, शिंत्र्यांची.
मागच्या सीटच्या काथ्यात अजून तंबाखूचा वास.
इंदुताई म्हणाल्या, "मूळचा रेडिओ पाहिजे.
तसाच दिसणारा नको. तोच."

तोच सापडला
संकेश्वरला, भरमाण्णा ड्रायव्हरच्या माळ्यावर,
युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला.
"धाकट्या मालकांनी टाकून दे म्हटलंतं.
हात धजला नाही."

शहापूरला माझ्या दुकानात
दोन महिने तो उताणा पडून होता.
कंडेन्सर सगळे वाळलेले,
जुन्या करंज्यांसारखे टोकाला फुटलेले.
एक व्हॉल्व्ह कोल्हापूरहून आणला, एक हुबळीहून.
तिसरा माझ्याच डब्यात निघाला,
वर दस्तगीर उस्तादांच्या अक्षरात चिठ्ठी:
चांगला आहे. घाई नको.
उस्तादांना जाऊन अकरा वर्षं झाली.
स्पीकरचा पडदा उंदरांनी खाल्लेला,
तो पतंगाचा कागद नि खळ लावून सांधला.
नॉब उद्यमबागेत एका पोरानं लेथवर कातून दिला,
पैसे विचारले तर म्हणाला, "वाजला की द्या."

इंदुताईंचा भाचा दोनदा येऊन गेला.
"आत गुपचूप ब्लूटूथ टाका की. वरून कुणाला कळतंय?"
मी म्हटलं, मला कळतंय.
आता लिहिताना हे फार शूर वाटतं.
खरं म्हणजे आत तेवढी जागाच नव्हती.

मग बटणं.
पाच. जुन्या दातांसारखी पिवळी.
यांना आठवायला वीज लागत नाही.
बटण ओढायचं, काटा हवा तिथं न्यायचा, दाबायचं,
आतली पितळी जीभ तेवढं धरून ठेवते.
पोत्यात घातलं तरी धरून ठेवते.

पहिलं दाबलं. काटा धारवाडवर.
दुसरं, सांगली.
तिसरं, पणजी.
चौथं पुन्हा धारवाड, पण केसभर डावीकडं,
हे दुसऱ्याच कुणाच्या बोटानं लावलेलं.
पाचवं दाबलं
आणि काटा जाऊन थांबला
जिथं काहीच नव्हतं.
ना स्टेशन, ना स्टेशनाच्या शेजारची जागा.
बिघाड समजून दोन थेंब तेल सोडलं.
पुन्हा दाबलं. पुन्हा तिथंच.

भरमाण्णाला फोन लावला.
तो आधी हसला.
"बाईसाहेब गोकाककडच्या, त्यांना कन्नड बातम्या.
थोरल्या आईंना सांगली.
गाडी तवंदी घाट चढाय लागली की मागं सुरू,
हे लाव, ते लाव.
मालक बोलायचे नाहीत काही.
पाचवं दाबायचे.
खरखर. नुसती खरखर.
कुणाचंच लावलं नाही म्हटल्यावर
दोघी गप."
मग थोडं थांबून,
"बाईसाहेब गेल्यावर
गाडीत एकटे असले तरी तेच लावायचे."

शेवटचं काम इंजिनचं.
ॲक्सिलरेटर दाबला की रेडिओत डास शिरायचा
आणि वेगाबरोबर चढत जायचा.
बॉनेटला तांब्याची वेणी बांधली, तेव्हा निघाला.

इंदुताई पुढं बसल्या.
व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो
हे हल्ली गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.
त्या मांडीवर हात ठेवून थांबल्या.
येळ्ळूरच्या रस्त्याला लागेपर्यंत
धारवाड बोलू लागलं, हवामान, अर्धं कळलं, अर्धं नाही.
सांगली लांबून, पाण्याखालून आल्यासारखी.
भरमाण्णाचं मी काहीच सांगितलं नव्हतं.
त्यांनी पाचवं दाबलं.

खरखर.
सवयीनं माझा हात नॉबकडं गेला.
"राहू दे," त्या म्हणाल्या,
"बरोबर लागलंय."

बिल करताना
पाचव्या बटणाचं काही लावलं नाही.
त्याला मी हातच लावला नव्हता,
ते दोन थेंब तेल सोडलं तर.